उसाच्या बेटावरचे चित्रकार



उसाच्या फडात जो एकदा तरी शिरला आहे, त्याला फडातला अंधार ठाऊक असतो. बाहेर लख्ख ऊन असते, पण दोन-चार सऱ्या ओलांडल्या की आतला माणूस बाहेरून दिसेनासा होतो. पाने अंगाला कापतात, वारा अडतो, आणि पलीकडे कोण उभे आहे ते कळत नाही. हा अंधार एका चित्रकाराने कागदावर उतरवला आणि ते चित्र जगभर गाजले. चित्रकाराचे नाव विफ्रेदो लाम. देश क्यूबा. आज आपल्याला या देशाच्या चित्रकारांची ओळख करून घ्यायची आहे, आणि वाट या फडातूनच जाते.

क्यूबा हे अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेले बेट. राजधानी हवाना. १८९८ पर्यंत तेथे स्पेनचे राज्य होते. ऊस आणि तंबाखू ही तिथली मुख्य पिके. ऊस तोडायला आफ्रिकेतून माणसे धरून आणली, गुलाम म्हणून विकली. ही गुलामगिरी १८८६ साली कायद्याने बंद झाली. मध्यंतरी चीनमधूनही करारावर मजूर आणले गेले. विफ्रेदो लाम १९०२ साली जन्मला. बाप चिनी, आई आफ्रिकी आणि स्पॅनिश रक्ताची. म्हणजे सारा क्यूबा त्याच्या घरातच होता, असे म्हणा ना!

लाम हवानाच्या सान आलेहांद्रो या चित्रशाळेत शिकला. ही शाळा १८१८ सालची. आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलपेक्षाही जुनी. पुढे तो माद्रिदला व पॅरिसला गेला, पिकासोचा स्नेही झाला, आणि महायुद्धाच्या धामधुमीत १९४१ साली मायदेशी परतला. १९४३ साली त्याने ‘जंगल’ हे चित्र पुरे केले. उंची जवळजवळ ८ फूट. उसाची कांडी उभी आहेत, आणि त्यांतूनच माणसांचे लांब पाय, हात, मुखवट्यांसारखे चेहरे बाहेर आले आहेत. कांडे कोठे संपते आणि पाय कोठे सुरू होतो, कळत नाही. एका हातात कात्री आहे. आता गंमत पाहा. ऊस काही जंगलात उगवत नाही. तो लावावा लागतो, तोडावा लागतो. तरी चित्राचे नाव ‘जंगल’. ज्यांनी हा ऊस घाम गाळून लावला, ती माणसे फडातच उभी राहून आपल्याकडे रोखून बघत आहेत, असे हे चित्र पाहताना वाटते. आज ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे.

तुम्ही म्हणाल, ही झाली ऐंशी वर्षांपूर्वीची गोष्ट. हल्लीचे चित्रकार कोठे आहेत? तिकडेच येतो. पण त्याआधी एक साल ध्यानात ठेवा : १९६१.

१९५९ च्या जानेवारीत क्यूबात क्रांती झाली आणि फिदेल कास्त्रोचे सरकार आले. दोन वर्षांनी, १९६१ साली, तीन गोष्टी घडल्या. पहिली, साक्षरतेची मोहीम. लाखभर तरुण मुले-मुली हातात कंदील आणि पुस्तक घेऊन खेड्यापाड्यांत गेली, शेतकऱ्यांच्या घरी राहिली, आणि वर्षभरात सुमारे ७ लाख माणसे लिहायला-वाचायला शिकली. दुसरी गोष्ट, हवानाच्या कडेला श्रीमंतांच्या क्लबाचे एक विस्तीर्ण गोल्फचे मैदान होते, तेथे कलेच्या पाच शाळा बांधायचे ठरले : चित्र-शिल्प, संगीत, नाटक, नवे नृत्य आणि बॅले. तिसरी गोष्ट, त्याच वर्षी जूनमध्ये कास्त्रोने लेखक-कलावंतांपुढे भाषण केले. त्याचा मथितार्थ असा की, क्रांतीच्या कक्षेत राहून तुम्हांला सारी मोकळीक आहे, क्रांतीच्या विरोधात मात्र नाही.

शाळा उघडली, आणि त्याच वर्षी अंगणात एक रेघही आखली. रेघ नेमकी कोठे आहे, हे मात्र आखणारालाच माहीत. क्यूबाच्या कलेची गेल्या साठ-पासष्ट वर्षांची गोष्ट ही या शाळेची आणि या रेघेची गोष्ट आहे. एवढे लक्षात ठेवले की बाकीचे आपोआप उलगडते.

आधी शाळा पाहू. रिकार्दो पोरो, रोबेर्तो गोत्तार्दी आणि वित्तोरिओ गाराती हे तिघे तिचे वास्तुरचनाकार. अमेरिकेने व्यापार तोडलेला, सिमेंट आणि लोखंड महाग. मग त्यांनी काय करावे? माती आपली, वीट आपली. पातळ विटा थरावर थर देऊन वळवायच्या आणि त्यांचीच कमान, त्यांचाच घुमट करायचा, अशी स्पेनमधली जुनी गवंडीकामाची रीत त्यांनी उचलली. लाल विटांचे घुमट आणि नागमोडी ओवऱ्या उभ्या राहू लागल्या. पुढे पैसा आटला, आणि ‘असली चैन कशाला? एका साच्याच्या सिमेंटच्या इमारती बऱ्या’ असे म्हणणारांचे पारडे जड झाले. १९६५ साली काम थांबले. बॅलेची शाळा तर जवळजवळ पुरी होऊनही ओस पडली, तिच्यात झाडेझुडपे वाढली. पण चित्र-शिल्पाची शाळा चालू राहिली. १९७६ साली या आवारात उच्च कलाशिक्षणाची संस्था सुरू झाली. आज तिला कला विद्यापीठ म्हणतात. प्रवेशाची परीक्षा कठीण, पण शिक्षण फुकट. खाटकाचा मुलगा असो की डॉक्टरची मुलगी, हातात गुण असेल तर वाट मोकळी.

याच सुमारास हवानात आणखी एक गोष्ट झाली. सिगारच्या पेट्यांवर रंगीत चित्रे छापायची क्यूबात जुनी परंपरा. ही चित्रे दगडावर काढून छापत. आपल्याकडे शिळाप्रेसवर पोथ्या छापत, तशीच रीत. नवी यंत्रे आली आणि हे दगड अडगळीत पडले. १९६२ साली कॅथीड्रलच्या चौकाजवळ चित्रकारांसाठी एक प्रायोगिक छापखाना निघाला आणि तेथे हेच जुने दगड पुन्हा कामाला लागले. तो छापखाना आजही आहे. सिनेमाच्या पोस्टरांचीही तीच कथा. लग्नपत्रिका छापतात तशा स्क्रीन प्रिंटिंगने, एकेक रंग हाताने चढवून, शेकडो पोस्टरे निघाली. एदुआर्दो मुन्योस बाक्स या एकट्या चित्रकाराने दोन हजारांहून अधिक पोस्टरे केली. नटनट्यांचे मोठाले चेहरे त्यांत नसतात. एखादी छत्री, एखादी टोपी, आणि सिनेमाचा भाव तेवढ्यात सांगून टाकलेला!

आता या शाळेतून शिकून निघालेली मुले पाहू. १९८१ च्या जानेवारीत ११ तरुण चित्रकारांनी हवानात एक प्रदर्शन भरवले. नाव साधे, ‘खंड पहिला’. होसे बेदिया, फ्लावियो गार्सियान्दिया, तोमास सांचेस ही त्यांतली काही नावे. क्रांतीचे गोडवे गाणारी चित्रे त्यांत नव्हती. आफ्रिकेतून आलेले देवदेवस्की, बाजारातल्या भडक वस्तू, लोकांच्या घरातली सजावट, असे जे जे त्यांना भोवती दिसले ते त्यांनी मांडले. क्यूबाच्या आजच्या कलेची सुरुवात येथून धरतात. १९८४ साली हवानात दर दोन वर्षांनी भरवायचे म्हणून मोठे कलाप्रदर्शन सुरू झाले. पहिल्या खेपेस लॅटिन अमेरिका व शेजारची बेटे, आणि १९८६ पासून आशिया-आफ्रिकेचे कलावंतही आले. पॅरिस-न्यूयॉर्कला न विचारता गरीब देशांनी एकमेकांची कला पाहावी, हा त्यामागचा विचार. पैशाअभावी हे प्रदर्शन दर वेळी वेळेवर भरते असे नाही, पण १५ वे २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू झालेच.

१९९१ साली सोव्हिएट संघ मोडला आणि क्यूबावर आभाळ कोसळले. साखर घेणारा आणि तेल देणारा तोच होता. पेट्रोल नाही, म्हणून लाखो सायकली चीनहून आणाव्या लागल्या. वीज तासन्‌तास गुल. ताटात काय वाढावे ही चिंता, तेथे रंग आणि कॅनव्हास कोठले? पण या हलाखीतच क्यूबाच्या कलेचे काही उत्तम काम झाले. त्यातली तीन उदाहरणे सांगतो.

पहिली बेल्किस आयोन. ही १९६७ साली हवानात जन्मली. तिने छापचित्राचा एक प्रकार हाती घेतला. त्याला तांब्याचा पत्रा लागत नाही, दगड लागत नाही. एक पुठ्ठा घ्यायचा. त्यावर कागदाचे कपटे, काचकागद, भाजीच्या सालीसुद्धा चिकटवायच्या. मग शाई लावायची आणि पुसायची. गुळगुळीत भागावरून शाई निघून जाते, खरखरीत भागात ती बसून राहते. वर ओला कागद ठेवून दाबले की काळ्या-करड्या-पांढऱ्याच्या नाना छटा उमटतात. पुठ्ठ्यावर बेल्किसने भिंतीएवढाली चित्रे केली. एकेक चित्र अनेक तुकडे जोडून.

विषयही तसाच भारी. क्यूबात आबाकुआ नावाचा आफ्रिकी मूळ असलेला एक गुप्त पंथ आहे, फक्त पुरुषांचा. त्यांची कथा अशी की, सिकान नावाची एक राजकन्या नदीवर पाणी भरायला गेली आणि तिच्या घड्यात एक मासा आला. तो साधा मासा नव्हता, त्याच्या तोंडून देववाणी होत होती. तिला बजावले, कोणाला सांगू नकोस. तिने आपल्या होणाऱ्या नवऱ्याला सांगितले, आणि तिला मरण आले. जे गुपित बाईला पहिल्यांदा कळले, त्यातून बाईच कायमची वगळली गेली! बेल्किसने ही सिकान पुन:पुन्हा चितारली. तिच्या चित्रांतल्या माणसांना डोळे असतात, तोंड नसते. चित्र बघणाऱ्याकडे ती नुसती टक लावून बघतात. बोलायची बंदी म्हणजे काय, हे त्या डोळ्यांकडे पाहून शेंबड्या पोरालाही कळेल. १९९३ साली व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात तिची चित्रे लागली. सान आलेहांद्रोच्या शाळेत ती शिकवत असे. १९९९ साली, अवघ्या ३२ व्या वर्षी, ती गेली.

दुसरा कचो. खरे नाव आलेक्सिस लेइवा माचादो, जन्म १९७०. याने काय केले? समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली लाकडे, जुने जोडे, खेळणी असे काहीबाही गोळा केले, त्याच्या लहान लहान होड्या केल्या आणि १९९४ च्या हवाना प्रदर्शनात जमिनीवर त्यांचा तांडा मांडला. एखादे गुरुजी विचारतील, ‘अहो, हे काय चित्र झाले?’ रास्त प्रश्न आहे. पण आपल्याकडे गणपतीत मंडळे देखावा उभा करतात. तो चित्र नसतो, पुतळाही नसतो. जागेत केलेली मांडणी असते, आणि तिच्यातून काही सांगायचे असते. तसेच हे समजा. कचोच्या होड्या मांडल्या गेल्या मे महिन्यात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टायरच्या ट्यूबा, फळ्या, पिंपे बांधून केलेल्या तराफ्यांवरून ३० हजारांहून अधिक माणसे देश सोडून समुद्रात निघाली. कित्येक पैलतीराला पोचलीच नाहीत. आता त्या होड्यांकडे खेळणी म्हणून कोण बघेल?

तिसरे उदाहरण तिघा मित्रांचे. मार्को कास्तियो, दागोबेर्तो रोद्रिगेस आणि आलेक्झांद्रे आर्रेचेआ हे कला विद्यापीठातले विद्यार्थी. त्यांनी सुतारकाम हातात घेतले आणि मिळून एकच नाव लावले : ‘सुतार’, त्यांच्या भाषेत लोस कार्पिंतेरोस. कपाट, मेज, दिवा, अशा घरातल्या वस्तू त्यांनी कसबाने घडवल्या, पण अशा की काहीच्या बाही होऊन बसाव्यात. वापरायला जावे तर वापरता येऊ नयेत. तिसरा २००३ साली वेगळा झाला, उरलेल्या दोघांनी २०१८ साली हे नाव मिटवले. पण हाताने काम करणारा आणि डोक्याने काम करणारा हे दोन वेगळे असतात, हा समज त्यांनी आधीच मोडून टाकला होता.

ही कला पाहायला कोठे जायचे? हवानात राष्ट्रीय संग्रहालय आहे, ते आधी पाहावे. पण क्यूबाची कला संग्रहालयात मावलेली नाही. १९९४ साली सांद्रा सेबायोस या चित्रकर्तीने आपल्या राहत्या घरातच प्रदर्शने भरवायला सुरुवात केली. ज्यांना सरकारी दालनात जागा नाही त्यांना तिच्या माजघरात जागा. हमेलच्या गल्लीत साल्वादोर गोन्सालेस याने १९९० पासून घरांच्या भिंती आफ्रिकी देवतांच्या रंगीत चित्रांनी भरून टाकल्या. जुन्या न्हाणीच्या टबांची बाके केली, आणि रविवारी तेथे ढोल घुमू लागले. तो २०२१ साली वारला, गल्ली आहे. चिनी वस्तीतल्या एका जुन्या सिनेमाघरात २०१५ पासून चित्रदालन चालते. खाद्यतेलाच्या एका बंद कारखान्यात एका गवयाने पुढाकार घेऊन २०१४ साली ‘कलेचा कारखाना’ उघडला. तेथे रात्री चित्रे, गाणे, नाच, सिनेमा एकाच छपराखाली चालतात आणि दाराशी तरुणांची रांग लागते.

मला स्वतःला सर्वांत भावते ती हायमानितासची गोष्ट. हवानाच्या कडेची ही कोळ्यांची वस्ती. होसे फुस्तेर हा चित्रकार-कुंभार १९७० च्या दशकात तेथे राहायला आला. आधी त्याने आपले घर चिनीमातीच्या फरशांच्या रंगीत तुकड्यांनी मढवले. मग शेजारी म्हणाला, ‘माझीही भिंत करा.’ मग त्याचा शेजारी. असे करता करता ऐंशीच्या आसपास घरे झाली; कोंबडे, मासे, माडाची झाडे, सूर्य! चित्रे विकून आलेला पैसा फुस्तेरने शेजाऱ्यांच्या भिंतींत घातला. आज परदेशी पाहुणे तेथे मुद्दाम येतात आणि वस्तीला चार पैसे मिळतात. अर्थात प्रत्येक वस्तीला असा शेजारी लाभत नाही.

आता त्या रेघेकडे वळू. शाळेने मुलांना बघायला शिकवले. पण जो बघायला शिकला त्याला, ‘एवढेच बघ, तेवढे बघू नकोस’ हे कसे सांगणार? तानिया ब्रुगेरा ही १९६८ साली जन्मलेली, त्याच शाळांतून शिकलेली. २००९ च्या हवाना प्रदर्शनात तिने एक व्यासपीठ मांडले आणि त्यावर माइक ठेवला. कोणीही यावे, एक मिनिट मनातले बोलावे. बोलणाराच्या खांद्यावर पांढरे कबूतर ठेवायचे, कारण १९५९ साली कास्त्रोच्या भाषणात त्याच्या खांद्यावर कबूतर येऊन बसले होते. मिनिट संपले की लष्करी वेषातली दोन माणसे त्याला खाली उतरवीत. कोणी मोकळेपणा मागितला, कोणी नुसतेच रडले. २०१४ च्या डिसेंबरात हाच प्रयोग राजधानीच्या मोठ्या चौकात करायचे तिने ठरवले, तेव्हा पोलिसांनी तिला आधीच अडकवले व पासपोर्ट काढून घेतला.

२०१८ साली सरकारने ३४९ क्रमांकाचा हुकूम काढला. कलावंताने सरकारी मान्यतेवाचून कार्यक्रम करू नये, मग जागा सरकारी असो की खाजगी. म्हणजे ते माजघरही आले त्यात! त्याच डिसेंबरात आपल्या केरळातल्या कोचीला मोठे कलाप्रदर्शन भरत होते आणि तानियाला त्याचे आमंत्रण होते. ती आली नाही. घरचे सहकारी या हुकुमाविरुद्ध उभे आहेत, अशा वेळी मी देश सोडून येणार नाही, असे तिने जाहीर पत्राने कळवले. २७ नोव्हेंबर २०२० रोजी शेकडो कलावंत हवानात संस्कृती मंत्रालयासमोर जमून उभे राहिले. ११ जुलै २०२१ ला देशभर लोक रस्त्यावर आले. त्या दिवशी पकडलेल्या लुईस मान्युएल ओतेरो आल्कांतारा या कलावंताला पुढे ५ वर्षांची सजा झाली.

सरकारची बाजूही ऐकायला हवी. ते म्हणते, अमेरिकेने १९६० च्या दशकापासून आमची नाकेबंदी केली आहे. आमच्या घरात भांडण लावायला ती टपलेली आहे, पैसा पुरवते. नाकेबंदी खोटी नाही, आणि तिने गरिबाचेच हाल केले हेही खोटे नाही. पण माइकपुढे मिनिटभर बोलणाऱ्या माणसाला उतरवून नाकेबंदी उठते काय? या प्रश्नाचे उत्तर मला तरी सापडलेले नाही. दरम्यान २०२१ पासून लाखो माणसे देश सोडून गेली; त्यांत चित्रकारही पुष्कळ. बेदियाच्या पिढीतले बरेचसे तर १९९० च्या आगेमागेच बाहेर पडले होते. वीज पुन्हा जाऊ लागली आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात साऱ्या देशाची वीज एकदम गेली. म्हणून क्यूबाची कला आज हवानाबरोबर मायामी, माद्रिद, मेक्सिको अशी विखुरलेली आहे.

गुरुजींनो आणि बाईंनो, शेवटचा शब्द तुमच्याशी. आपल्या शाळेत रंगपेटी नाही, चित्रकलेला वेगळे मास्तर नाहीत, ही अडचण खरी आहे. पण एखाद्या शनिवारी जुन्या वहीचा पुठ्ठा घ्या. त्यावर मुलांना पिंपळाचे पान, गोणपाटाचा तुकडा, काचकागद, कांद्याची साल असे चिकटवू द्या. वाळले की थोडी शाई चोळा, पुसा, ओलसर कागद ठेवून वरून लाटणे फिरवा. बेल्किस आयोन याच वाटेने गेली होती. आणि मुलाने काय काढावे ते मात्र सांगू नका. त्याला काय दिसते ते त्याला काढू द्या, आणि काढल्यावर ‘हे असे का?’ म्हणून विचारा. तो जे सांगेल ते ऐकण्याची तयारी आपली असली पाहिजे. शाळा बांधणे अवघडच असते, पण तिच्यात शिकलेल्याचे ऐकून घेणे त्याहून अवघड, हे त्या उसाच्या बेटाने आपल्याला दाखवले आहे.